चिमट्याची उंची

पुढे जाण्यासाठी काहीतरी वाढवावेच लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरात खोली वाढावी, पगार वाढावा, मुलांचे गुण वाढावेत. काही कमी केल्यानेही वाट सुकर होते, हे मात्र आम्हांस एका सायकलीने पटवून दिले.

मोहगाव हे सौंसर तालुक्यातील आमचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून आम्ही नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. कचेरीची भाषा हिंदी, माजघराची मराठी. सायकलच्या दुकानात मात्र दोघी सुखाने नांदतात. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागास तेथे ‘चिमटा’ म्हणतात, आणि त्यात स्प्रिंग किंवा हवा असली की ‘शॉकअप’.

आमच्या शाळेतील अकरावीची एक मुलगी संत्र्यांच्या बागांमधील कच्च्या वाटेने येत असे. नववीत शासनाकडून मिळालेली सायकल धाकट्या भावाकडे गेली होती. नागपूरच्या मामांनी आपल्या मुलाची जुनी डोंगरी सायकल हिला दिली. त्या मुलाने हौसेने मोठा चिमटा बसवून घेतला होता. सांगाडा १०० मिलिमीटर दबणाऱ्या चिमट्याचा, आणि चिमटा १२० चा! हँडल उंच झाले. चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागले. मुलगी दोनदा पडली. ‘पुढल्या महिन्यापासून पोरगी घरीच राहील, गुरुजी,’ असे वडील म्हणाले. हे वाक्य एकदा घरात रुजले म्हणजे शिक्षण संपवूनच थांबते, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

चिमटा पूर्ण दाबल्यावर चाक जितके वर सरकते, त्या अंतरास ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. अमेरिकेत पॉल टर्नर यांनी १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्सचा पहिला चिमटा घडविला, तेव्हा हे अंतर अवघे ५० मिलिमीटरच्या आसपास होते. पुढे ते वाढत गेले. पण प्रत्येक सांगाड्यास त्याची मर्यादा असतेच.

सौंसरच्या तरुण कारागिराने प्रथम सुचविले की, आत अडसर घालून चिमटा कमी दबेल असे करावे. आम्ही विचारले, ‘मग हँडल किती उतरेल?’ तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, ‘काहीच नाही, सर!’ मर्म येथेच होते. दबण्यास बंधन घातले तर उंची तशीच राहते. उसळून वर येण्यास बंधन घातले तरच पुढची बाजू खाली येते.

मग त्याने रीतसर काम केले. आधी हवा पूर्ण सोडली. त्याशिवाय एकही पेच उघडू नये. तळाचे बोल्ट काढून, तेल भांड्यात धरून, खालचे पाय उतरविले. आतल्या दांड्यावर, दट्ट्या आणि नळीच्या तळाचे बूच यांच्यामध्ये २० मिलिमीटरचा प्लास्टिकचा तुकडा बसविला. दट्ट्या आता तितका आधीच थांबू लागला, म्हणून चिमटा तितकाच कमी उघडू लागला. नवे ग्रीस, नवे तेल आणि मुलीच्या वजनाला साजेशी हवा, एवढ्यावर काम झाले. प्रत्येक चिमट्यात ही सोय नसते. काहींचा आतला दांडाच बदलावा लागतो.

पुढची बाजू उतरली, चिमटा सुमारे १ अंशाने अधिक उभा झाला आणि चाक चढावर जमीन धरून चालू लागले. पायडल जमिनीच्या किंचित जवळ आले, तेव्हा दगडांवरून जपून जा, एवढे तिला बजावले.

मुलांच्या उमेदीस वेसण घालावी की नाही, यावर आम्ही शिक्षक पुष्कळ बोलतो. बंधन कोठे घालावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. चुकीच्या टोकास घातलेले बंधन केवळ ताकद खाते. योग्य जागी घातलेले चाकाला जमीन देते.

ती मुलगी यंदा बारावीत आहे. परीक्षेच्या अर्जावर सही करताना वडिलांनी एवढेच विचारले, ‘गुरुजी, कॉलेज सौंसरचं बरं की पांढुर्ण्याचं?’