पाचाचे दहा

हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घोळ चालला होता. शेवटी आईनेच सांगितलं, "लिही गं. दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील." त्यामुळे मावशी, तू वाचत असशील तर (असशीलच!) आईला लगेच फोन करून "अगोबाई, असं झालं आणि सांगितलं नाहीस?" करू नकोस. तिने मलाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट २०२२ची. आईची कोथरूडची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. म्हणजे पुण्यातल्या प्रत्येकाच्या घरी जे चाललेलं असतं तेच. तीन खोल्यांचा संसार दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात कोंबायचा होता, आणि त्यात बाबांचं सागवानी टेबल कुठेच बसेना. चार फुटी, दोन्ही बाजूंना खण, वर शाईचा एक डाग, ज्याच्यावरून मी तिसरीत मार खाल्ला होता. आमच्याकडे ठेवायला जागा नाही, भाऊ परदेशात. म्हटलं, विकून टाकू. मीच फोटो काढले, मीच जाहिरात टाकली, ८,००० किंमत लिहिली आणि मीच त्याच्याखाली आईचा नंबर दिला. का, तर मी दिवसभर ऑफिसात, आई घरी. लोक टेबल बघायला येणार ते तिच्याकडेच ना!

हा नंबर देण्याचा शहाणपणा मी केला हे आधीच सांगून टाकते. कारण या विषयातली मी घरातली तज्ज्ञ. २००७ साली आम्ही दोन वर्षांसाठी न्यू जर्सीत होतो तेव्हा परत निघताना क्रेगलिस्टवर फ्यूटन विकायला काढला होता, १२० डॉलरला. एका भल्या माणसाने न बघताच घेतो म्हणून कळवलं आणि चक्क २,४०० डॉलरचा कॅशियर्स चेक पाठवला. वर मखलाशी अशी, की चेक सेक्रेटरीने चुकून मोठा काढला, तुम्ही तुमचे पैसे ठेवून घ्या आणि उरलेले सामान न्यायला येणाऱ्या मूव्हर्सना वेस्टर्न युनियनने पाठवा. गंमत अशी की असा चेक भरला की बॅंक एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दाखवते. तो खोटा असल्याचं कळायला कधीकधी आठवडे लागतात, आणि तोवर आपण पाठवलेले खरे डॉलर गेलेले असतात. बॅंक मग सगळी रक्कम आपल्याकडून वसूल करते. मी तो चेक भरला नाही, फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसले. केवढी ऐट!

पंधरा वर्षांनी ती ऐट आईच्या काही कामाला आली नाही.

टेबलाचं काय झालं हे मी चार दिवस विचारत होते आणि आई "येतील कुणीतरी" म्हणत होती. पाचव्या दिवशी तिच्याकडे गेले. बाबांची हिशोबाची वही आई अजून चालवते, दूध, पेपर, गॅस, सगळं तारखेनिशी. बाईचे पैसे दिले का बघायला ती उघडली तर एक ओळ दिसली. 'टेबल. गेले १५,९९५.' मला आधी वाटलं टेबल गेलं, आणि दुप्पट किमतीला गेलं. मान वळवून बघितलं तर टेबल जागेवरच.

आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तो फौजेतला होता गं."

आता इथे थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आईचं माहेर साताऱ्याकडचं. त्या पट्ट्यात अपशिंगे नावाचं एक गाव आहे, तिथले इतके लोक सैन्यात गेले की गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलं गेलंय. आईचं गाव तेवढं मोठं नाही, पण आळीत घरटी एक जण फौजेत. नानामामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. आई कॉलेजला पुण्यात राहिली ती त्याच्या मनीऑर्डरवर. कुठल्या कुठल्या ठाण्यावरून यायची, उशिरा यायची, पण यायची. तेव्हा फौजी माणूस पैसे पाठवतो म्हणाला की ते येतात, हे आईच्या दृष्टीने मत नाही, अनुभव आहे. फोन करणाऱ्याला अर्थात यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की या देशात वर्दीचा फोटो पाठवला की समोरचा माणूस प्रश्न विचारायचा थांबतो.

त्याने 'माताजी' म्हणून सुरुवात केली. पुणे एअरपोर्टवर सीआयएसएफमध्ये आहे, नुकती बदली झालीय, मुलीला अभ्यासाला टेबल हवंय. ओळखपत्राचा फोटो, वर्दीतला फोटो, कॅंटीन कार्डाचा फोटो. किंमत कमी करा म्हणाला नाही. टेबल बघायला येतो म्हणाला नाही. 'आर्मी का ट्रक' घेऊन जाईल, पैसे आधीच देतो. मग क्यूआर कोड पाठवला. आमच्या फौजेच्या खात्यातून पैसे असेच येतात, आधी पाच रुपयांवर करून बघा, म्हणाला. आईने स्कॅन केलं, पिन टाकला, पाच रुपये गेले आणि लगेच दहा आले. "देखा माताजी?"

पाचाचे दहा झाले हे आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सगळी खुबी त्यात आहे. दुसरा कोड आठ हजारांचा आला. पिन टाकला, आठ हजार गेले, आले काहीच नाहीत. तो म्हणाला, सर्व्हर अटकला, पुन्हा करा म्हणजे सोळा एकदम येतील, मघाशी आले ना तसे. आईने पुन्हा केलं. स्क्रीनवर नाव ओळखपत्रावरचं नव्हतं, तेही तिने विचारलं होतं. "वो हमारे अकाउंटवाले साहब हैं." तिसऱ्या वेळी मात्र ती थांबली आणि फोन बंद करून ठेवला. सोळा हजार पाच गेले, दहा आले. १५,९९५. फसवणाऱ्याने दिलेले दहासुद्धा तिने वहीत प्रामाणिकपणे वजा केले होते.

मी काय करावं? मी ओरडले. "अगं, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का!" यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे एवढं एकच वाक्य मी जाहिरात टाकताना तिला सांगायला हवं होतं. ते मी तिला पैसे गेल्यावर सांगितलं, तेही आवाज चढवून. ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली. तिने चार दिवस का सांगितलं नव्हतं, याचं उत्तर मीच देऊन बसले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. १९३० वर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न 'कधी झालं' हाच. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. पाच दिवसांनी ते तिथून कधीच पुढे गेलेले असतात. बॅंकेने सांगितलं की पिन ग्राहकाने स्वतः टाकलाय. खरंच होतं ते. चौकीतला हवालदार मात्र आईशी फार चांगलं बोलला. "आजी, शिकलेली पोरंपण येतात हो आमच्याकडे," म्हणाला. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीला जुना सोफा विकताना याच क्यूआर कोडच्या युक्तीने ३४ हजारांना गंडवलं होतं. ही बातमी मी आईला शोधून दाखवली. तिला त्याने किती बरं वाटलं माहीत नाही, पण ती तिने दोनदा वाचली.

पैसे आले नाहीत. आईने फोनमधलं पैशांचं ॲप काढून टाकायला लावलं.

टेबलाची जाहिरात तशीच होती. मी नंबर बदलून माझा टाकला, आणि पुढच्याच रविवारी आईकडे जेवायला बसलो असताना फोन आला. "मैडम, टेबल अवेलेबल है? मैं आर्मी से." मी काही बोलायच्या आत आईने हात पुढे केला. मी स्पीकर लावून दिला. पुढचं ऐकून माझ्या नवऱ्याचा घास घशात अडकला होता.

"बेटा, कौनसी युनिट?"

"माताजी, आर्मी में... सीआयएसएफ."

"सीआयएसएफ आर्मी कबसे हुई? वो तो गृहमंत्रालय की है." (हे तिला पहिल्या वेळीही माहीत होतं. पण मुलीच्या अभ्यासाचं ऐकल्यावर लक्ष कुठे होतं, असं नंतर म्हणाली.)

तो जरा गडबडला, पण पट्टीचा होता. कोड पाठवतो म्हणाला. आई म्हणाली, मेरे पास सादा फोन है. मग मुलाला स्कॅन करायला सांगा. मुलगा परदेशात. शेजारी? शेजारी गावाला गेलेत. हे असं दहा-बारा मिनिटं. मग आई अगदी मायेने म्हणाली, "बेटा, तू मनीऑर्डर कर. मेरा भाई फौज में था, हर महीने करता था. पोस्टमन आयेगा, मैं सही करूंगी, फिर तू ट्रक भेज."

तिकडे क्षणभर शांतता, मग एक शिवी, मग फोन बंद. आम्ही हसून हसून बेजार. आई नाही हसली. तिने मला तो नंबर चौकीत कळवायला सांगितला, तो मी कळवला.

अशा लोकांची फिरकी घेणं मला फारसं पटत नाही, खरं सांगायचं तर. त्यांच्याकडे आपला नंबर असतो, कधीकधी पत्ताही, आणि आपण घालवलेली दहा मिनिटं ते पुढच्या फोनवर भरून काढतात. पण त्या दिवशी मी आईला अडवलं नाही.

टेबल शेवटी एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलाने घेतलं. तो स्वतः बघायला आला, वाकून चारी पाय तपासले, खण ओढून बघितले, डाग बघून म्हणाला, "काकू, साडेसातला द्या ना." आईचा चेहरा खुलला. आत येऊन माझ्या कानात, "घासाघीस करतोय. खरा दिसतोय."

मग त्याने मोबाईल काढला आणि माझा नंबर विचारला. "आधी एक रुपया पाठवून बघतो काकू, बरोबर जातोय का ते."

सगळेच करतात हो असं. पण आई जी ताठ झाली! "एक रुपया नको," म्हणाली. "मला एक रुपया नको." त्या बिचाऱ्याला काही कळेना. मी समजावायला लागले की येताना काही होत नाही, पैसे येतायत, पिन तो टाकणार आहे. आई ऐकेना. शेवटी तोच म्हणाला, राहू दे ताई, कोपऱ्यावर एटीएम आहे. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मुलगा धावत जाऊन पैसे घेऊन आला, आईने पंधरा नोटा दोनदा मोजल्या आणि त्यातली एक त्याला परत दिली. "टेम्पोला होतील."

ऑक्टोबर २०२५पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे 'मागायची' ती विनंतीची सोय बंद झाली, ते मी आईला मुद्दाम सांगितलं. तिने विचारलं, "आणि कोड?" कोड आहेत म्हटलं. "मग झालं," म्हणाली.

पण मागच्या आठवड्यात भाजीवाल्याकडे सुटे नव्हते म्हणून तिला कोथिंबीर परत ठेवावी लागली. घरी आल्यावर मला फोन. "ते परत घालून दे माझ्या मोबाईलमध्ये. पण पेन्शनच्या खात्याला जोडू नकोस. ते दुसरं खातं आहे ना, त्यात दोन हजार ठेव. त्याच्यावर एक रुपया नाही."