इंटरलाकनला उडण्याआधी…

थुन आणि ब्रिएंझ या दोन तळ्यांच्या मधलं इंटरलाकन. समोर बर्फाची युंगफ्राऊ आणि भर गावातल्या हिरव्यागार मैदानावर उतरणारे रंगीबेरंगी पॅराग्लायडर्स! २०१६ पासून यश चोप्रांचा पुतळाही इथे आहे, म्हणजे आपली मंडळी भेटणारच.

स्वित्झर्लंडच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं मेडिकल कव्हर लागतं. बरेच जण त्यात बसणारी सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात. व्हिसा मिळतो हो, पण पॅराग्लायडिंगचं काय? अनेक बेसिक पॉलिसींमध्ये अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात. उतरताना पाय मोडला, तर हॉस्पिटलचं बिल तुमच्याच खिशातून!

म्हणून प्रीमियमच्या आकड्याआधी ‘एक्स्क्लुजन्स’ वाचा. उडायचंय? मग ते कव्हर होतंय का, हे लेखी विचारा, नसेल तर अ‍ॅड-ऑन घ्या. नुसतं तळ्याकाठी भटकायचंय? मग तो खर्च वाचवा. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण भरायची रक्कम, किती आहे तेही बघा. बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका, नाहीतर क्लेम अडकलाच समजा. हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.

आणि मग उडा की बिनधास्त!