चिठ्ठी आणि आंगडिया

सुरतेत चार पिढ्या काढलेल्या आम्हां मराठी माणसांस आंगडियाचे मोल सांगावयास नको. हिऱ्यांची पुडी बिनबोभाट ठरल्या हाती पोचते. वहिनींच्या आजारपणात कर्करोगावरील एम-आरएनए लशीविषयी वाचताना हाच आंगडिया आठवला. रोगपेशींची खूण सांगणारी ती नाजूक चिठ्ठी रक्तात उघडी टिकत नाही. म्हणून तिला मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळतात. परंतु शिरेतून दिलेले हे कण बहुतांशी यकृतातच अडकतात. मेदाचा विद्युत्भार बदलून त्यांस प्लीहेकडे, प्रतिकारपेशींच्या वस्तीकडे, वळविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पुण्याच्या जेनोव्हाच्या २ ते ८ अंशांत टिकणाऱ्या एम-आरएनए कोविड लशीस २०२२ साली मान्यता मिळाली. कर्करोगाच्या अशा लशी मात्र अद्याप बहुतांशी चाचण्यांतच आहेत. वहिनी थांबल्या नाहीत. पुढे कोणाच्या तरी घरी ती चिठ्ठी वेळेवर पोचो, एवढेच आमचे मागणे.