बाटलीतले पान

ऊतिसंवर्धित केळीचे रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून बाहेर येते तेव्हा त्याला पाने असतात, मुळे असतात, चार बोटे उंचीही असते. बाहेरच्या हवेसाठी घडलेले मात्र त्यातले काहीच नसते. बाटलीतली हवा शंभर टक्क्यांच्या जवळपास दमट, तापमान 25 अंशांच्या आसपास, उजेड दोन-तीन हजार लक्सचा आणि खायला लिटरमागे 30 ग्रॅम साखर घातलेले तयार जेवण. रावेर-यावलच्या शिवारात मे महिन्यात पारा 45 ओलांडतो आणि दुपारचे ऊन लाखभर लक्सचे असते. या दोन टोकांमधले अंतर रोपवाटिकेला अडीच-तीन महिन्यांत तोडायचे असते. पुस्तकांत या कामाला निरनिराळी मराठी नावे सापडतात. शेडमध्ये सगळे हार्डनिंगच म्हणतात.

रोपे बहुतेक ग्रँड नैनची, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या जी-नाइनची. फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठी बुटकी’. या केळीला बी धरत नाही, त्यामुळे एका कंदापासून वाढवलेली सगळी रोपे एकमेकांच्या नकला असतात. तरीही एकाच ट्रेमधल्या शेजारच्या दोन नकला एकाच दिवशी कणखर होत नाहीत, आणि या धंद्यातली सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते.

अगार धुणे, बुरशीनाशकात बुडवणे, प्रतवारी करून ट्रे भरणे, यात लिहिण्यासारखे फारसे नाही. मुळाला अगार चिकटून राहिला तर त्यातल्या साखरेवर बुरशी चढते, हे पहिल्या आठवड्यात काम शिकणाऱ्यालाही कळते. अगारात वाढलेल्या मुळांना केशमुळे जवळपास नसतात. कोकोपीटमध्ये नवी मुळे फुटेपर्यंत जुनी मुळे रोपाला उभे धरण्यापुरतीच. तो हिशेब सरळ आहे. पानाचा तसा नाही.

बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नावापुरता असतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पर्णरंध्रांना मिटणे माहीत नसते. दमट हवेत मिटायची वेळच आलेली नसते, म्हणून ती रात्रीही उघडी राहतात आणि पान कोमेजू लागले तरी उघडीच राहतात. असे रोप कोरड्या वाऱ्यात आणले की कोकोपीट ओले असूनही ते तहानेने मरते. नवखा माणूस मान टाकलेले रोप बघून आणखी पाणी देतो, मग मुळे सडतात आणि दोष बुरशीला लावला जातो. बाटलीतली पाने पुढे सुधारतात असा समज धंद्यातल्या जुन्या लोकांतही आहे. ती फारशी सुधारत नाहीत. ती शिदोरी असतात. बाहेरच्या हवेत घडलेली दोन पाने उलगडेपर्यंत रोप त्यांच्यावर दिवस काढते आणि मग ती पिवळी पडून झडतात.

म्हणून पहिले चार ते सहा आठवडे ट्रे प्लास्टिकच्या टनेलमध्ये, 80-90 टक्के आर्द्रतेत ठेवतात. सगळा घोळ टनेल उघडण्याचा. लवकर उघडले तर पाने करपतात. उशिरा उघडले तर नवी पानेही बाटलीतल्यासारखीच मऊ निपजतात आणि सहा आठवडे फुकट जातात. कागदावर वेळापत्रक असते: पंधराव्या दिवशी टोके उघडावीत, विसाव्या दिवशी एक बाजू, पुढे दोन्ही. मार्चातला पंधरावा दिवस आणि ऑगस्टातला पंधरावा दिवस यांत जे अंतर आहे त्याचा या वेळापत्रकाला पत्ता नसतो. बहुतेक ठिकाणी टनेल सकाळी उघडतात, कारण मजूर सकाळी येतात. याखेरीज दुसरे कारण नाही. उघडावे ते संध्याकाळी. पहिली उघडी रात्र रोपाला पचते, पहिली उघडी दुपार पचत नाही.

प्रस्तुत लेखक हा दिवस हाताने ठरवत असे. पहाटे टनेलमध्ये हात घालून पान अंगठा आणि तर्जनीत धरायचे. बाटलीतले पान ओल्या कागदासारखे बोटाला चिकटते. मेण धरलेले पान निसटते. या निसटण्यावर वीसेक वर्षे धंदा चालला आणि तेवढीच वर्षे मिजासही चालली. पाहुणे आले की मुद्दाम डोळे मिटून पान चाचपायचे. आर्द्रतामापकाची टवाळी करायची. नंतर मधुमेहाने बोटांची टोके बधिर झाली. प्रत्येक पान निसटल्यासारखे वाटू लागले आणि हे कोणाला सांगितले गेले नाही. एका मार्चमध्ये सकाळी दहाला दोन्ही बाजू उघडण्याचा हुकूम सुटला. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि चारपर्यंत त्या टनेलमधली निम्मी रोपे ट्रेच्या कडेवर लोळत होती. दोष टनेलमध्ये पाण्याचे धुके सोडणाऱ्या फॉगरच्या नोझलवर ढकलण्यात आला. नोझल साफ होता.

ट्रे भरायला येणाऱ्या मुलींपैकी एकीने त्यानंतर स्वतःची रीत सुरू केली. चहाच्या सुट्टीत ती प्रत्येक टनेलमधले एक पान तोडून कट्ट्यावर ओळीने मांडी आणि चहा पीत बघत बसे. काही पाने कप रिकामा होण्याआधीच चिंधीसारखी पडत. काही अर्धा तास तशीच ताठ राहत. पडलेल्या पानाकडे बोट दाखवून ती म्हणे, ‘काका, हे अजून बाटलीतलंच आहे.’ तोडलेल्या पानाला खालून पाणी मिळत नाही. रंध्रे मिटणारी असतील तर असलेले पाणी टिकते, नसतील तर उडून जाते. वनस्पतिशास्त्राला हे जुनेच आहे आणि ते लेखकाने वाचलेलेही होते. कट्ट्यावर पान ठेवून बघावे असे मात्र कधी सुचले नाही, कारण बोटे होती.

या रीतीलाही पथ्ये आहेत. पान रोज एकाच वेळी तोडावे; पहाटेचे पाण्याने भरलेले पान आणि दुपारचे पान यांची तुलना होत नाही. उलगडून आठवडा झालेले पान घ्यावे, पोंग्यालगतचे कोवळे घेऊ नये. कडेच्या ट्रेमधले एक आणि मधल्या ट्रेमधले एक घ्यावे, कारण कडेला वारा लागतो आणि कडेची रोपे आधी शहाणी होतात. मधली रोपे शहाणी झाली की टनेल उघडावे. एवढे करूनही कधी कधी एखादा ट्रे आडवा होतो आणि शेजारचा उभा राहतो. त्याचे कारण आजही सापडलेले नाही.

टनेलनंतर रोपे पिशवीत आणि पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली जातात. इथे आणखी पाच-सहा आठवडे. हा काळ पाणी तोडण्याचा असतो, आणि नेमका इथेच मोह नडतो. गिऱ्हाईक उंच, काळेभोर रोप मागते. युरियाचा हात थोडा सैल सोडला की पंधरवड्यात तसे रोप तयार होते आणि गाडीत भरताना त्याचे कौतुक होते. प्रस्तुत लेखकाने ही कौतुके भरपूर घेतली आहेत. फूटभर उंचीचे, पाच-सहा पानांचे, किंचित फिकट आणि बुंध्याला जाड रोप शेतात जास्त टिकते, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मृगबागेची, म्हणजे पावसाच्या तोंडी लावायची रोपे उन्हाळ्यात घडतात; कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावायची, पावसाळ्यात. श्रावणातल्या ढगाळ हवेत सगळीच रोपे छान दिसतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघडी पडतात. टनेलमधून निघालेली रोपे लांबून आणून पिशवीत भरायची आणि दोन आठवड्यांत विकायची, हा हमरस्त्यालगतचा नवा उद्योग पावसाळ्यातच तेजीत असतो. त्या मालकांना रोपवाटिकावाले म्हणण्यापेक्षा वाहतूकदार म्हणणे रास्त. शेडनेटमधले दुसरे काम निवडीचे: बुटकी, चट्ट्यापट्ट्यांची, पाने गर्दीने आलेली विकृत रोपे उपटून टाकायची. प्रयोगशाळेने आठाच्या पुढे गुणन फेऱ्या केल्या असतील तर अशी रोपे वाढतात. काकडी मोझॅक, म्हणजे खानदेशातला हरण्या, माव्याबरोबर येतो. म्हणून कीटकरोधक जाळी आणि दुहेरी दार हवे, आणि शेजारी काकडीवर्गीय पीक नको. ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत 2006 पासून आहे. त्या कागदावरून विषाणू आणि जातीची शुद्धता कळते. पान मिटायला शिकले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

शेतातले पहिले दहा दिवस हा हार्डनिंगचाच शेवटचा भाग आहे, जरी तोपर्यंत पैसे चुकते झालेले असतात. रोपे उतरल्यावर लगेच न लावता दोन-तीन दिवस झाडाखाली ठेवावीत. लागवड उन्हे उतरल्यावर करावी. उन्हाळी लागवडीत दक्षिण-पश्चिमेला तागाची ओळ आधी पेरलेली असली तर बरे. बांधावरची शेवरी वारा अडवते, कोवळ्या रोपावर सावली धरत नाही. हल्ली क्रॉप कव्हर घालतात. ते वाईट नाही, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर शेतात पुन्हा टनेलच उभे राहते.

रोपे उतरवून घेताना मात्र शेतकऱ्याने एक पान तोडून सावलीत ठेवावे आणि चहा घ्यावा. चहा संपायच्या आत पान चिंधी झाले तर गाडी परत पाठवावी, मग ती प्रस्तुत लेखकाच्या रोपवाटिकेतून का आलेली असेना.