रात्रीचा हिशेब आणि बासरी

व्यापारी माणसाचे दुकान रात्री बंद होते. मनातली पेढी मात्र त्यानंतरच उघडते. कोणाची उधारी थकली, कोणाचा धनादेश वटला नाही, उद्या भाव उतरला तर गोदामातल्या मालाचे काय, असे एकेक खाते डोळ्यांपुढे येऊ लागते. दिवसा या प्रश्नांवर काही उपाय तरी करता येतो. रात्री दोन वाजता काहीच करता येत नाही, तरीही हिशेब थांबत नाही. आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक आहे. पण बाजारात पत जपणारा माणूस ते बोलून दाखवत नाही.

आमची सांगलीला हळदीची अडत आहे. चार वर्षांपूर्वी परगावच्या एका खरेदीदाराकडे मोठी रक्कम अडकली. शेतकऱ्यांचे पैसे आम्ही ठरल्या दिवशी चुकते केले. त्यासाठी घरातली शिल्लक मोडावी लागली. त्यानंतर कित्येक महिने मला सलग तीन तासही झोप लागत नसे. पत्नीही जागीच असे. मला कळू नये म्हणून ती कूससुद्धा बदलत नसे.

डॉक्टरांनी रक्तदाब, साखर तपासली. थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या आणि त्या कायमच्या नव्हेत, हेही बजावले. दुपारनंतरचा चहा बंद करून रोज ठरल्या वेळी शांत संगीत ऐकण्याचा सल्ला त्यांनी दिला.

घरात स्तवनांची ध्वनिमुद्रणे होती. ती लावावीत असे मी म्हणताच आई म्हणाली, "अरे, स्तवन जागेपणी, मन लावून म्हणायचं असतं. झोप यावी म्हणून ते कसं लावायचं?" तिचे म्हणणे श्रद्धेचे होते, त्याला अनुभवाचाही आधार आहे, हे पुढे वाचनात आले. शब्द कानी पडले की मन अर्थामागे जाते. हंगेरीतील संशोधकांनी 2008 साली झोपेची तक्रार असलेल्या 94 विद्यार्थ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना निजताना 45 मिनिटे शांत अभिजात संगीत ऐकवले, काहींना ध्वनिमुद्रित पुस्तके, तर उरलेल्यांना काहीच नाही. तीन आठवड्यांनी संगीत ऐकणाऱ्यांची झोप सुधारली होती. पुस्तके ऐकणाऱ्यांच्या झोपेत तसा फरक पडला नाही.

मी बासरी निवडली. पन्नालाल घोषांनी मैफलीत आणलेल्या लांब बासरीचा स्वर खोल आणि भरदार असतो. राग बागेश्री, कारण तो रात्रीचाच राग. मात्र पहिल्या दोन रात्री वेगळीच अडचण आली. आलाप संथ चालतो, त्याला ताल नसतो. पण पुढे तबला येतो, लय चढत जाते आणि शेवटी श्रोत्यांच्या टाळ्या वाजतात! लागत आलेली झोप तिथेच मोडे. मग मुलाने आलापाचा भाग वेगळा काढून दिला आणि तो संपताच यंत्र आपोआप बंद होईल अशी सोय केली. आवाज इतका मंद ठेवला, की ऐकण्यासाठी कान द्यावा लागू नये.

पहिल्या आठवड्यात विशेष फरक जाणवला नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपण रोख व्यवहाराला सरावलेली माणसे. आज दिले तर आजच मिळावे असे वाटते. तैवानमध्ये साठीपुढच्या 60 जणांवर झालेल्या अभ्यासातही सुधारणा आठवड्यागणिक वाढत गेल्याचे आढळले होते. रोज तेच स्वर, तीच वेळ, तोच अंधार, यांतून देहाला एक खूण पटते. महिनाभराने मध्यरात्रीची जाग कमी झाली. जाग आलीच, तरी मन थकबाकीऐवजी स्वराकडे वळू लागले.

संगीताने गुंगी येत नाही. ते फक्त चिंतेने अडवलेली जागा मोकळी करते. म्हणून त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, सततची उदासी, यांना वैद्यकीय उपचारच हवेत. चालू असलेल्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत.

आमची रक्कम आजही पूर्ण वसूल झालेली नाही. दावा चालू आहे. कागदपत्रे, वकील, तारखा यांचा विचार आता सकाळी पेढीवर होतो, अंथरुणात नव्हे. पत्नी तर बहुधा आलाप संपण्यापूर्वीच झोपलेली असते. घरातील कर्ता माणूस उसने हसत असेल, तर त्याला धंदा कसा चालला आहे हे विचारण्याआधी रात्री झोप लागते का, एवढे अवश्य विचारावे.