तयार पॅकेजची पाककृति

विकतचें लोणचें पानांत पडलें, कीं घरांतली आजी एक फोड जिभेवर ठेवते आणि विचारते, "यांत मेथी तळून घातली आहे कीं भाजून?" संगणकावर मात्र असला प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. लिनक्सच्या भांडारांतून प्रोग्रॅम आयता कंपाइल होऊन येतो. तो घ्यावा, वापरावा आणि स्वस्थ असावें, हा सर्वांचा शिरस्ता. मला मात्र तो कोणत्या कंपाइलरनें व कोणते पर्याय देऊन घडविला, हें पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं.

हा शोध वाटतो तितका बिकट नाहीं. कांहीं प्रोग्रॅम आपली कुळकथा आपणच सांगतात. 'विम'ला त्याची आवृत्ति विचारा. कंपाइल करतांना दिलेली सारी आज्ञा तो भाबडेपणानें म्हणून दाखवील. जे इतके बोलके नसतात, त्यांच्या पोटांत बहुधा कंपाइलरचें नांव तरी कोरलेलें सांपडतें. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियनची रीत तर याहून उदार. तेथें सोर्सकोडाबरोबर 'रूल्स' नांवाची फाइल मिळते, ती म्हणजे पाककृतीच. आणि ज्या यंत्रांवर पॅकेजें शिजतात, त्यांची रोजनिशीहि कोणालाहि वाचावयास मोकळी असते.

"इतका खटाटोप कशासाठीं?" असें माझे एक स्नेही विचारतात. केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें, कीं सोर्सकोड निर्मळ असूनहि भ्रष्ट कंपाइलर गुपचूप चोरवाट ठेवूं शकतो. म्हणून २०१३ पासून डेबियनमध्यें असा प्रयत्न चालू आहे, कीं तोच कोड दुसऱ्या कोणीं शिजविला, तरी पॅकेज बिटन्‌बिट तेंच उतरावें.

तरीहि २०२४ सालीं 'एक्सझेड'चें प्रकरण घडलें. दुष्ट कोड चांचणीच्या फाइलींत दडविलेला होता. त्याला जागें करणाऱ्या ओळी सार्वजनिक कोडसंग्रहांत नव्हत्या, केवळ वाटपाच्या गाठोड्यांत होत्या. विष मिसळलें जाई तें कंपाइल होतांना. डेबियनच्या स्थिर आवृत्तींत तें शिरलें नव्हतें, पण प्रायोगिक शाखांपर्यंत पोंचलें होतें. आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग त्यांनीं सोडला नाहीं.

पाककृति भिंतीवर टांगलेली असणें ही मोठीच गोष्ट. पण ती कोणीतरी वाचावी लागते, आणि चव किंचित् बदलली, तर चुलीपर्यंत जाऊन विचारावें लागतें.