एटापल्लीच्या वाटेवर तापलेली कॉइल

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी असे मुक्काम मागे टाकीत आलापल्लीला पोहोचले की खरे अरण्य सुरू होते. तेथून एटापल्ली अवघी तीस किलोमीटर. अरण्य म्हटले की सावली, अशी आपली पुस्तकी समजूत असते. मे महिन्यात ती फार वेळ टिकत नाही. सागाने पाने टाकलेली असतात, नुसते खांब उभे. पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे गेलेला, आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक तांबडी धूळ उडवीत समोरून येत असतात.

अशा वाटेने भर दुपारी आम्ही तिघे एका जुन्या फियाटमधून चाललो होतो. गाडी माझ्या वकील स्नेह्याची. या जातीची शेवटची टॅक्सीदेखील मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण वकीलसाहेबांचे प्रेम अढळ. मागे त्यांचे वडील, ब्याऐंशी वर्षांचे गुरुजी. एटापल्ली चंद्रपूर जिल्ह्यात होती, गडचिरोली जिल्हा व्हायचा होता (तो १९८२ साली झाला), तेव्हा त्यांनी तेथल्या शाळेत नोकरी केली होती. ती शाळा एकदा पाहायची, एवढाच हट्ट.

आलापल्लीला चहा झाला. वकीलसाहेब रेडिओ ऐकत, इंजिन बंद आणि किल्ली चालूवर, असे अर्धा तास बसले. पुढे दहा किलोमीटरवर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली.

“पेट्रोलची वाफ झाली,” वकीलसाहेबांनी निकाल दिला आणि पाण्याचा कॅन उचलला. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, हे खरे. ओले फडके हा तिचा उपायही खरा. पण कॅनमध्ये उरले होते दोन लिटर पाणी, आणि मागे गुरुजी. इंजिनाला पाजायचे की म्हाताऱ्याला?

मी मराठीचा मास्तर. पण जुन्या गाड्यांच्या नादात एक गोष्ट शिकलो आहे, ती म्हणजे आधी ठिणगी पाहावी. डिस्ट्रिब्यूटरची जाड वायर काढून, लाकडी चिमट्यात धरून, इंजिनाच्या धातूजवळ नेली आणि स्टार्टर मारायला सांगितले. निळी, कडकडीत ठिणगी हवी. आली ती पिवळी, मरतुकडी. कॉइलला बोट लावले, ते चटकन मागे घेतले. पेट्रोल निर्दोष होते.

ही कॉइल म्हणजे मुळात गरिबाला श्रीमंत करणारे यंत्र. बॅटरीचे बारा व्होल्ट घ्यायचे आणि प्लगला पंधरा-वीस हजार द्यायचे. आत जाड तारेचे काहीशे वेढे, बारीक तारेचे हजारो. पॉइंट मिटले की जाड तारेतून प्रवाह वाहतो, उघडले की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्यातून ठिणगी निपजते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. इंजिन थांबलेले, पॉइंट मिटलेले आणि किल्ली मात्र चालू, अशा वेळी प्रवाह तुटतच नाही. कॉइल शेगडी बनते. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, ठिणगी क्षीण होते. आतले आवरण कच्चे असेल तर वीज आतल्या आतच उडी मारते. थंड झाली की पुन्हा साळसूद. म्हणून तर हा रोग वैद्याला सापडत नाही.

पाऊण तास थांबलो. तेंदूपत्ता घेऊन चाललेल्या माडिया बाया थबकल्या. “जोहार” झाला. एकीने खांद्यावरचा तुंबा न विचारता गुरुजींपुढे धरला. त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले आणि माडियात काहीतरी म्हणाले. बाया खळखळून हसल्या. काय म्हणाले ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही. आता कॅनमधले पाणी निर्वेधपणे कॉइलवरच्या फडक्याला मिळाले.

थांबत थांबत एटापल्ली गाठली. तिथला तरुण मेकॅनिक मोटारसायकलवाला. समोरून ट्रक गेला तेव्हा मान उडवून म्हणाला, “त्याले कॉइलच नाही जी.” खरेच; डिझेल दाबानेच पेटते. त्याने मीटर लावला. कॉइलचा रोध जेमतेम दीड ओहम. “हे तर दुसऱ्या गाडीचं हाये!”

उलगडा झाला. गाडीला हवी तीन ओहमची. म्हणजे बारा व्होल्टला चार अँपिअर. महिन्यापूर्वी कोणा दुकानदाराने दिलेली ही कॉइल बाहेर वेगळा रोधक जोडून वापरायची होती. तो नसल्याने प्रवाह दुप्पट, आठ अँपिअर, उष्णताही दुप्पट. ऊन बिचारे निमित्तमात्र!

रोधक एटापल्लीत कुठला? पोराने क्षणभर विचार केला आणि हेडलाइटचा एक बल्ब कॉइलच्या वाटेत ओळीने जोडून, पेट्रोलच्या नळीपासून दूर, नीट बांधून टाकला. मी थक्क झालो. बल्बची तार थंड असताना प्रवाहाला मोकळी वाट देते, म्हणजे गाडी सुरू होताना ठिणगी जोरकस. तापली की तीच आडवी येते. याहून सुबक रोधक मागायचा तरी कसा? पैसे त्याने बल्बचेच घेतले.

शाळेच्या फाटकाला सुटीचे कुलूप होते. गुरुजी गजांना धरून बराच वेळ आत पाहत राहिले. इमारत नवी झाली होती. मोहाचे झाड मात्र त्यांनी ओळखले. इंजिन पुन्हा सुरू होते की नाही, या धास्तीने वकीलसाहेबांनी ते चालूच ठेवले होते. संध्याकाळ पडू लागली होती, आणि बॉनेटच्या फटीतून तो बल्ब लुकलुकत होता.

“बंद कर ते,” गुरुजी मागे न पाहता म्हणाले. “आणि किल्लीही काढ.”